सिम्युलेटरमधलं विमान डावीकडे ओढतंय? उपायाआधी कारण शोधा

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर उडवणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. सेस्ना १७२ धावपट्टीच्या मधल्या रेषेवर उभी करायची, थ्रॉटल पूर्ण द्यायचा, आणि विमान रेषा सोडून डावीकडच्या गवताकडे निघतं. कसंबसं हवेत गेलं, तर डावा पंख हळूहळू खाली उतरायला लागतो. कुणीतरी सांगतं, डेड झोन (जॉयस्टिकच्या मध्याजवळचा, सिम दुर्लक्षित करतं तो भाग) वाढव. तो वाढवला की काही दिवस बरं चालतं. मग सिमचं अपडेट येतं, किंवा जॉयस्टिक दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावली जाते, आणि पुन्हा पहिल्यासारखं.

हा त्रास फिरून फिरून येतो, कारण ‘डावीकडे ओढतं’ या एका लक्षणामागे सहा-सात निरनिराळी कारणं असू शकतात, आणि त्यातली काही तर दोषच नाहीत. कारण न ओळखता केलेला उपाय लक्षण तेवढं दाबून ठेवतो. म्हणून इथे मी उपायांपेक्षा ओळखण्याला जास्त जागा दिली आहे. उदाहरणं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर या तिन्हींमधली आहेत. विमान मुख्यतः सेस्ना १७२, कारण तिन्हीकडे ते मिळतं आणि बहुतेकांची सुरुवात त्याच्यावरच होते.

खरं विमानही डावीकडेच जातं

सगळ्यात आधी हे मनात पक्कं करा. सेस्ना १७२ एस या मॉडेलला १८० अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि त्याचा पंखा कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. पंखा एका बाजूला फिरतो म्हणून विमानाचं अंग उलट बाजूला, म्हणजे डावीकडे, कलू पाहतं. जमिनीवर असताना त्याने डाव्या चाकावर जास्त भार येतो. पंख्याने मागे फेकलेली हवा सरळ जात नाही, ती विमानाभोवती पिळ्यासारखी फिरत शेपटीपर्यंत पोचते आणि उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते. शेपूट उजवीकडे ढकलली गेली की नाक डावीकडे वळतं.

तिसरं कारण नाक वर उचलल्यावर जागं होतं. विमान नाक वर करून उडत असताना पंख्याचं खाली येणारं पातं, म्हणजे उजव्या बाजूचं, हवेला जास्त कोनात कापतं आणि जास्त ओढ देतं. उजवी बाजू जास्त ओढते म्हणून नाक डावीकडे. याला वैमानिक पी-फॅक्टर म्हणतात. तीन चाकांवर सरळ धावणाऱ्या सेस्नामध्ये धावपट्टीवर तो जवळजवळ नसतो. ५५ नॉटला योक (विमानाचं हँडल) मागे घेतला की तो एकदम जाणवायला लागतो. ‘धावताना ठीक होतं, उचलताना अचानक डावीकडे गेलं’ असं कुणी सांगितलं, तर मला तिथे बिघाड दिसत नाही. सिमने तिथे हवेचं गणित बरोबर केलेलं असतं.

हे सगळं पंख्याच्या दिशेवर अवलंबून असल्याचा उत्तम पुरावा स्पिटफायरमध्ये आहे. मर्लिन इंजिनाची स्पिटफायर टेकऑफला डावीकडे ओढायची. पुढे ग्रिफॉन इंजिन आलं, ते उलट दिशेने फिरणारं होतं, आणि तीच स्पिटफायर उजवीकडे ओढायला लागली. सिममध्ये दोन्ही प्रकार उडवून पाहण्यासारखे आहेत.

तेव्हा टेकऑफला उजवा रडर (पेडलने हलणारी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभ्या शेपटीची फळी) द्यावा लागणं हे विमानाचं नेहमीचं वागणं आहे. प्रश्न ‘किती’ हा आहे. उजवं पेडल साधारण पाव ते अर्ध्या अंतरापर्यंत दाबून विमान रेषेवर राहत असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही, फक्त पाय तयार करायचे आहेत. पूर्ण पेडल दाबूनही विमान गवतात जात असेल तर मात्र पुढचं वाचा.

एक कोरं उड्डाण

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एक चाचणी-उड्डाण करा, आणि ते दर वेळी अगदी सारखंच करा. मी गोव्यातल्या दाभोळीची २६ क्रमांकाची धावपट्टी सुचवतो. समोर समुद्र आहे, डोंगर नाहीत, क्षितिज सपाट आहे, त्यामुळे पंख किंचित कलला तरी लगेच दिसतो. हवामान स्वच्छ, वारा शून्य. हे फार महत्त्वाचं आहे. लाइव्ह हवामान चालू ठेवून केलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो, कारण डावीकडून वारा आला की विमानाचं नाक वाऱ्यात वळतं, म्हणजे पुन्हा डावीकडेच. दोन्ही टाक्यांत इंधन सारखं, उजव्या खुर्चीतही वैमानिकाइतकंच वजन, ऑटोपायलट बंद, मदतीचे सगळे पर्याय बंद, विमान सिमसोबत आलेलं मूळचं.

आता थ्रॉटल पूर्ण द्या आणि ओढ कधी सुरू होते ते पाहा. हवेत गेल्यावर ७४ नॉटने चढा. २,५०० फुटांवर सरळ करा, इंजिन मिनिटाला सुमारे २,३०० फेऱ्यांवर आणा, ट्रिम (हात न लावता विमान सरळ ठेवणारं जुळवणं) नीट लावा आणि हात काढून घ्या. काही क्षण नुसतं पाहत राहा. मग थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन ६८ नॉटने खाली तरंगत या, आणि पुन्हा पाहा.

या एका फेरीत निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं. शक्ती कमी-जास्त केली तशी ओढ बदलली तर ती पंख्याची आहे. सेस्नाचं जुळवणं मुख्यतः सरळ प्रवासाच्या वेगाला धरून असतं, म्हणून पूर्ण शक्तीत चढताना उजवा रडर लागतो, प्रवासात जवळपास काहीच लागत नाही, आणि थ्रॉटल मागे घेऊन उतरताना उलट किंचित डावा रडर लागू शकतो. तुमचं विमान असं वागलं तर ते निरोगी आहे. शक्तीचा काही संबंध नसताना ओढ तेवढीच राहिली, तर दोष इनपुटमध्ये किंवा ट्रिममध्ये आहे. फक्त जमिनीवरच ओढत असेल तर ब्रेक किंवा पुढच्या चाकाचं वळण पाहा. फक्त हवेतच एक पंख खाली येत असेल तर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या), इंधन आणि वजन.

बाहेरून बघा

लोक थेट सेटिंगच्या पानात घुसतात. त्याआधी इंजिन बंद ठेवून विमान उभं करा, जॉयस्टिकला हात लावू नका, आणि बाहेरचा कॅमेरा लावून मागच्या बाजूने विमानाकडे बघा. दोन्ही एलेरॉन पंखाच्या रेषेत आहेत का? रडर शेपटीच्या रेषेत आहे का?

डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली असेल, तर तुम्ही हात लावलेला नसतानाही सिमला ‘डावीकडे कल’ असा हुकूम मिळतो आहे. रडरची मागची कड डावीकडे झुकली असेल तर ‘नाक डावीकडे’ असा. विमानाचं वागणं त्या हुकमाप्रमाणेच आहे, तेव्हा पुढचा सगळा तपास हुकूम कुठून येतो याचा. आणि सगळे पृष्ठभाग अगदी सरळ असूनही विमान हवेत कलत असेल, तर जॉयस्टिकला दोष देणं तिथेच थांबवा. या एका नजरेने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशानेच वाचत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यात पाहायचं असेल तर फ्लाइटगिअरमध्ये प्रॉपर्टी ब्राउझर उघडा, कंट्रोल्समधल्या फ्लाइट या भागात एलेरॉन, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी), रडर यांचे आकडे दिसतात. पूर्ण एका बाजूला उणे १, दुसऱ्या बाजूला अधिक १, मधोमध शून्य. हात न लावता ०.०४ किंवा ०.०६ दिसत असेल तर चोर सापडला. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुटच्या पानावरून जॉयस्टिकचे आकडे पडद्यावर आणता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कंट्रोल्सच्या सेन्सिटिव्हिटी पानावर प्रत्येक अक्षाची (हालचालीच्या दिशेची) पट्टी हलताना दिसते.

एकाच दोरीला दोन हात

इनपुटच्या दोषांमध्ये माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा सापडणारा हा: एकाच अक्षाला दोन उपकरणं जोडलेली असतात. योक, पेडल आणि थ्रॉटल असं सगळं टेबलावर मांडलेलं असतं, आणि कोपऱ्यात गेमपॅडही लावलेला राहतो. मायक्रोसॉफ्टचं सिम नवं उपकरण दिसलं की त्याला स्वतःच एक ठरावीक प्रोफाइल देतं. त्या प्रोफाइलमध्ये गेमपॅडच्या काड्यांवर एलेरॉन, एलेव्हेटर, रडर सगळं बांधलेलं असतं. गेमपॅडची काडी मध्यापासून जराशी हलली की योक सरळ असताना विमान कलतं. तुम्ही योक हलवला की योकचं चालतं, सोडला की गेमपॅडचं. लक्षण फार फसवं असतं, कारण दोष कधी दिसतो, कधी नाही.

जॉयस्टिकला पिळणारा रडर असेल आणि तुम्ही नंतर पेडल घेतले असतील तर तिथेही हेच होतं. दोन्ही रडरला जोडलेले राहतात. पिळणाऱ्या अक्षाचं बंधन काढून टाका. थ्रॉटलच्या उपकरणावर मधेच एखादं लहान चाक किंवा घसरपट्टी असते, तिच्यावर रडर ट्रिम बांधलेला असू शकतो, तेही पाहा.

खात्रीची पद्धत अशी: सगळी उपकरणं काढा, फक्त कीबोर्डवर चाचणी-उड्डाण करा. ओढ गेली तर एकेक उपकरण परत लावा आणि दर वेळी बाहेरून पृष्ठभाग बघा. ज्याच्याबरोबर दोष परत येतो ते उपकरण पकडायचं. यात वेळ जातो, पण अंदाजावर चालण्यापेक्षा कमी. कीबोर्डवर फ्लाइटगिअर उडवत असाल तर एक ध्यानात असू द्या, नमपॅडच्या शून्य आणि एंटरने हललेला रडर तिथेच राहतो, ५ दाबला की सगळं मध्यावर येतं. चुकून एकदा दाबलेला शून्य पुढचं सगळं उड्डाण डावीकडे नेतो.

झिजलेला अक्ष

उपकरण एकच आहे, बंधनं स्वच्छ आहेत, तरी आकडा शून्यावर थांबत नाही किंवा आपोआप थरथरतो, तर आतला सेन्सर पाहावा लागतो. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो. त्यात कार्बनच्या पट्टीवरून एक संपर्क घासत फिरतो. पट्टी झिजते, तिच्यावर धूळ बसते, कोकणासारख्या दमट हवेत हे लवकर होतं. मग मध्यबिंदू सरकतो आणि आकडा उड्या मारतो. हॉल इफेक्टच्या सेन्सरमध्ये चुंबक असतो आणि काही घासतच नाही, म्हणून तो असा झिजत नाही. नवी जॉयस्टिक घेताना मी आधी हेच पाहायला सांगेन.

आधी विंडोजमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधून तिथे आकडे बघा. तिथेही अक्ष थरथरत असेल तर सिमचा काही संबंध नाही. सरकलेला पण स्थिर मध्य कॅलिब्रेशनने सुधारतो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये न्यूट्रल नावाची पट्टी आहे, ती याच कामाची आहे, मध्य थोडा सरकवून देते. थरथर असेल तर डेड झोन किंवा एक्स-प्लेनमधला नल झोन. पण तो तीन ते पाच टक्क्यांच्या वर नेऊ नका. डेड झोन वाढवला की मध्याजवळची बारीक हालचाल मरते, आणि उतरताना शेवटच्या काही फुटांत तीच हालचाल लागते. विमान आधी काहीच करत नाही आणि मग एकदम उडी मारतं, असं वाटायला लागतं. मग त्यासाठी सेन्सिटिव्हिटी बदलली जाते, आणि गुंता वाढत जातो. तीन-पाच टक्क्यांत भागत नसेल तर पोटेन्शियोमीटर साफ करायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. केबल काढून, वॉरंटी संपली आहे का ते पाहून, उघडून थोडा मारायचा, अक्ष बऱ्याचदा इकडून तिकडे फिरवायचा, पूर्ण सुकू द्यायचा. तेल किंवा घरातलं दुसरं काही घालू नका.

जमिनीवरचीच ओढ: ब्रेक

पेडलच्या वरच्या टोकाने दाबायचे ब्रेक हे वेगळे अक्ष असतात, डाव्याचा एक, उजव्याचा एक. कित्येक सिममध्ये ते उलटे धरले जातात: पाय काढलेला असताना पूर्ण ब्रेक, दाबल्यावर मोकळे. दोन्ही उलटे असतील तर विमान हलतच नाही आणि चूक लगेच कळते. त्रास होतो तो फक्त डावा ब्रेक पाच-दहा टक्के लागून राहिला की. टॅक्सी करताना जाणवत नाही, धावपट्टीवर वेग आला की डावीकडे ओढतं, आणि चाकं जमिनीवरून उचलली की ओढ नाहीशी होते. शेवटची खूण निर्णायक आहे. ब्रेकच्या अक्षाला सुरुवातीच्या टोकाला थोडा डेड झोन द्या, इथे तो देण्यात काही नुकसान नाही.

एक आणखी गोष्ट. बऱ्याच वेळा सिमला उपकरणाची खरी जागा ते हलल्यावरच कळते. उड्डाण सुरू झालं तेव्हा पेडल किंवा थ्रॉटल कुठे होता याची त्याला खबर नसते. यूएसबी हबला स्वतःची वीज नसली तर पेडल मधेच तुटून परत जोडले जातात, आणि तोच गोंधळ हवेत होतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या आधी प्रत्येक अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि पृष्ठभाग बरोबर हलतात का ते पाहा. खरे वैमानिक टेकऑफआधी हीच तपासणी करतात. हब वापरायचाच असेल तर स्वतंत्र वीज असलेला घ्या, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद ठेवा.

मदतीचे पर्याय आणि ऑटोपायलट

मायक्रोसॉफ्टच्या सिममधल्या असिस्टन्स पानावर नवशिक्यांसाठी बरंच काही आपोआप चालू असतं. टेकऑफला रडर सिम स्वतः सांभाळतं, ट्रिम स्वतः फिरवतं. याच्यावर तुमचं पेडल आलं की दोघांची ओढाताण होते. अपडेटनंतर ही सेटिंग बदललेली सापडणं नवं नाही, तेव्हा ‘काल ठीक होतं’ म्हणताना हे पान आधी उघडा. फ्लाइटगिअरमध्ये ऑटो-कोऑर्डिनेशन चालू असेल तर एलेरॉनबरोबर रडरही हलतो. जमिनीवर योक वळवला की विमान वळतं ते म्हणून. पेडल असतील तर ते बंदच ठेवा. एक्स-प्लेनमध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या पट्ट्या आहेत, त्या शून्यावर आणा.

ऑटोपायलटचा घोटाळा जास्त दगा देणारा आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये झेड ही कळ ऑटोपायलट चालू-बंद करते आणि ती चुकून दाबली जाते. तुम्ही योक पुढे ढकलता, ऑटोपायलट उंची राखायला ट्रिम मागे फिरवत राहतो. तुम्हाला विमान ‘जड’ वाटतं. मग तो सुटला की साठलेला सगळा ट्रिम एकदम बाहेर पडतो आणि नाक आकाशाकडे जातं. २६ एप्रिल १९९४ रोजी जपानमध्ये नागोयाला चायना एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० ला झालेल्या अपघातात हीच ओढाताण होती. वैमानिक योक पुढे दाबत होते, गो-अराउंडच्या, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याच्या, अवस्थेतला ऑटोपायलट मागचं आडवं स्टॅबिलायझर उलट फिरवत होता, आणि त्यात २६४ जण गेले. सिममध्ये नाक अचानक वर गेलं तर ट्रिमचं चाक कुठे आहे ते पाहिल्याशिवाय ‘बग’ म्हणू नका.

फक्त हवेतली कल: इंधन आणि वजन

सेस्नाच्या कॉकपिटमध्ये खाली असलेल्या इंधनाच्या खटक्यावर लेफ्ट, बोथ, राइट अशा जागा असतात. तो बोथवर असला तर दोन्ही टाक्या जवळपास सारख्या उतरतात. लेफ्टवर राहिला तर फक्त डावी. इंजिन प्रवासात ताशी आठ-नऊ गॅलन पितं आणि एका गॅलन विमान-पेट्रोलचं वजन सुमारे ६ पौंड. म्हणजे तासाभरात दोन पंखांमध्ये पन्नासेक पौंडांचा, २२-२३ किलोचा फरक. विमान जड बाजूला, इथे उजवीकडे कलेल. याची खूण अशी की ही कल सुरुवातीला नसते आणि मिनिटागणिक वाढत जाते. जॉयस्टिकचा दोष असा वेळेबरोबर वाढत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये प्रत्येक खुर्चीचं वजन डावी-उजवी जागा धरून मोजलं जातं. एकट्या वैमानिकाने डाव्या खुर्चीतून उडवलं तर डावा पंख किंचित जड असणं साहजिक आहे. १७२ च्या कॉकपिटमध्ये ट्रिमचं चाक असतं ते एलेव्हेटरचं, एलेरॉनचं नाही. तेव्हा तेवढी कल हातानेच सांभाळायची.

ओढ नाही, पण वागणं विचित्र

लेहला सेस्ना उडत नाही, असं बरेच जण सांगतात. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन आपली जवळजवळ तीस टक्के शक्ती गमावतं. त्यात मिक्स्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते प्रमाण) पूर्ण रिच, म्हणजे पेट्रोल जास्तीत जास्त, ठेवलं तर इंजिन पेट्रोलने गुदमरतं आणि उरलेलीही जाते. १७२ एसच्या पुस्तकातच लिहिलं आहे की ३,००० फुटांच्या वर टेकऑफआधी मिक्स्चर कमी करत सगळ्यात जास्त फेऱ्या मिळतील तिथे ठेवायचं. तेवढं केलं की तेच विमान लांब धावेल, मंद चढेल, पण उडेल. सिममध्ये ऑटो-मिक्स्चर चालू ठेवणाऱ्यांना हे कधी भेटतच नाही आणि ते बंद झालं की गोंधळ होतो.

ढगात शिरल्यावर वेगाचा काटा शून्यावर आला, किंवा विमान चढतं तसा वेग वाढतच गेला, तर पिटो नळीत (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीत) बर्फ आहे. नळीचं तोंड बंद आणि पाण्याचं छिद्र मोकळं असेल तर काटा पडतो. दोन्ही बंद झाली तर आत कोंडलेली हवा तशीच राहते, बाहेरचा दाब उंचीबरोबर कमी होतो, आणि वेगदर्शक उंचीमापकासारखा वागायला लागतो. अशा वेळी ऑटोपायलट वेग धरून चढण्याच्या अवस्थेत असेल तर तो खोटा वेग कमी करायला नाक वर वर नेतो, आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते. ६ फेब्रुवारी १९९६ ला पोर्तो प्लाताहून निघालेल्या बर्जेनएअरच्या बोइंग ७५७ चा अपघात बंद झालेल्या पिटो नळीतूनच झाला. पिटो हीटचा खटका थंड ढगात शिरण्याआधी चालू करा. आणि फ्लाइटगिअरमधली १७२ पी ही कार्ब्युरेटरची आहे, तिथे दमट हवेत इंजिनाच्या फेऱ्या हळूहळू उतरल्या तर कार्ब हीट (कार्ब्युरेटर गरम करणारा खटका) ओढा. १७२ एसला कार्ब्युरेटर नाही, तिथे तो खटका शोधत बसू नका.

विमान डोलतं, नाक वर-खाली थरथरतं, विशेषतः वेगवान जेट किंवा ऑटोपायलटवर, तर फ्रेम-रेट पाहा. एक्स-प्लेनमध्ये हवेचं गणित प्रत्येक फ्रेमबरोबर होतं. फ्रेम कमी झाल्या की दोन गणितांमधलं अंतर वाढतं, दुरुस्ती उशिरा पोचते आणि विमान हेलकावे खातं. फ्रेम सेकंदाला सुमारे वीसच्या खाली गेल्या तर तिथे सिमचा वेळच मंदावतो. ग्राफिक्स उतरवा, आणि फ्लाइट मॉडेल्स पर फ्रेम हा आकडा वाढवून पाहा. फ्लाइटगिअरमधली १७२ पी ज्या जेएसबीसिम या उड्डाणाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामवर चालते ते मुळातच सेकंदाला १२० वेळा गणित करतं, फ्रेम कितीही असोत; तिथे डोलणं दिसलं तर कारण दुसरीकडे शोधा.

परत आलं तर

अपडेटनंतर दोष परत येणं बहुतेक वेळा प्रोफाइलमुळे असतं. नवा पोर्ट किंवा नवं अपडेट आलं की कधीकधी उपकरण नवं समजलं जातं आणि मूळ बंधनं परत येतात. स्वतःचं प्रोफाइल स्वतःच्या नावाने साठवा, प्रत्येक पानाचा फोटो ठेवा, केबलला आणि पोर्टला सारखी चिठ्ठी चिकटवा.

प्रोफाइल जागेवर असेल तर अ‍ॅड-ऑन. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कम्युनिटी फोल्डरचं नाव बदलून रिकामं फोल्डर ठेवा आणि दाभोळीचं तेच उड्डाण करा. एकाच विमानाच्या उड्डाणगुणांवर दोन मॉड चढलेले असतील तर काहीही होऊ शकतं. दोष गेला तर अ‍ॅड-ऑन निम्मे निम्मे करून परत घाला, एकेक घालण्यापेक्षा लवकर सापडतो. एक्स-प्लेनमध्ये रिसोर्सेसमधलं प्लगइन्स फोल्डर उघडा आणि त्यातले तुम्ही स्वतः टाकलेले प्लगइन बाहेर काढून ठेवा, मूळचे राहू द्या. त्यानेही गेलं नाही तर आउटपुटमधल्या प्रेफरन्सेस फोल्डरचं नाव बदला. सिम नवं फोल्डर बनवतं, मात्र कॅलिब्रेशन आणि बंधनं पुन्हा करावी लागतात, म्हणून ही पायरी शेवटी ठेवा. लॉग फाइलही उघडून बघा, कुठला प्लगइन अडखळला ते तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं झालं, तर सिमची आवृत्ती, विमान, वारा, लावलेली सगळी उपकरणं, ओढ जमिनीवर की हवेत, आणि थ्रॉटल मागे घेतल्यावर ती बदलली का, हे लिहून द्या. बाहेरच्या कॅमेऱ्यातून काढलेला, हात न लावता उभ्या विमानाचा एक फोटोही सोबत जोडा.